राहून गेलेला दंड



सज्जनहो, पावती हा शब्द वारकरी मंडळींच्या चांगल्या ओळखीचा आहे. सप्ताहाची वर्गणी दिली की पावती, अन्नदानाची पंगत घेतली की पावती, मंदिराच्या बांधकामाला यथाशक्ति काही दिले की पावती. ती आपण घडी करून पोथीत ठेवतो. परंतु हल्ली आणखी एका पावतीची त्यात भर पडली आहे. रस्त्यावर पोलिस गाडी अडवितात, हातातल्या यंत्रावर बोटे चालवितात, आणि दंडाचा कागद हातात ठेवतात. कोणी त्यास चलान म्हणतात, कोणी पावतीच म्हणतात. ही पावती मात्र पोथीत कोणी ठेवीत नाही. ती चुकवावी कशी, कोणाला फोन लावावा, याचीच चर्चा पारावर चालते.

अशी पावती हाती आली असता वारकऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. आम्हीही तो लहानच समजत होतो. गेल्या मार्गशीर्षात तिसगावी जो प्रसंग घडला त्याने आमचा तो समज घालविला. तो प्रसंग आधी सांगतो, मग विचार करू.

तिसगावच्या सप्ताहात आमचे कीर्तन होते. नगराहून निघालो. गाडी आमच्या मृदंगवाल्या पोराची, आम्ही मागे बसलेलो. करंजीचा घाट उतरून पुढे आलो. कल्याणहून विशाखापट्टणला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग, त्यात उसाचा हंगाम. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला निघालेल्या जीपा, अशी ती वाट. पोराच्या डोक्यावर काही नव्हते. आमच्या डोक्यावर फेटा होता. दिवस कलता कलता तिसगावच्या अलीकडे पोलिसांनी हात केला.

आमच्या पुढे एक दुधवाला थांबविलेला होता. गाडीला दोन्ही अंगांना किटल्या, डोके आमच्या पोरासारखेच उघडे. त्याची पावती चालली होती. हवालदारांनी मान वर करून पाहिले, आमच्या कपाळाचा बुक्का पाहिला, गळ्यातील माळ पाहिली, आणि यंत्र खाली घेऊन हात जोडले. म्हणाले, “महाराज, तुमी व्हय! माझी आई तुमचं कीर्तन ऐकती. जा जा, कीर्तनाला उशीर व्हईल.” आम्हीही हात जोडले, “माउली” म्हणालो आणि निघालो. गाडी हलता हलता दुधवाला आमच्याकडे पाहून म्हणाला, “महाराज, आमालाबी एक माळ द्या की. आमचं तीन दिसाचं दूध गेलं.”

तो रागाने बोलला नाही. हसून बोलला. पण त्या रात्री निरूपणाला जो अभंग धरला होता तो नेमका वाणी आणि आचरण यांच्या ऐक्याचा. चाळीस वर्षांत तो किती वेळा सोडविला असेल त्याची गणती नाही. त्या रात्री मात्र दुसऱ्या चरणाशी जीभ अडखळली. श्रोत्यांना वाटले, थंडीने बुवांचा आवाज बसला. आवाजाला काही झाले नव्हते.

आता विचार करू. शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावा, तोही बळकट मांडावा, मग सिद्धान्त सांगावा. आमच्याच मनाने त्या रात्री आमच्यापुढे तीन पूर्वपक्ष मांडले. ते जसेच्या तसे देतो.

पहिला पूर्वपक्ष असा : डोके उघडे ठेवणे हे काही पाप नव्हे. चोरी नाही, हिंसा नाही, परनिंदा नाही. हा सरकारचा नियम आहे, धर्माचा नव्हे. मग त्याचा एवढा बाऊ कशाला?

याचे उत्तर आपल्या वारीतच आहे. दिंडीने रथाच्या पुढे चालावे की मागे, कितव्या क्रमांकाने चालावे, यात स्वतः काही पुण्य नाही की पाप नाही. परंतु क्रम एकदा ठरला, आणि लाखोंचा समाज त्यावर विसंबून चालू लागला, की तो क्रम मोडणे हा अपराध होतो. कारण मोडणाऱ्याच्या पायाखाली दुसऱ्याची म्हातारी आई येते. रस्त्याने डाव्या बाजूने जाणे हे असेच आहे. डाव्या हाताला स्वर्ग नाही, पण सर्वांनी डावी धरली म्हणून समोरून येणारा जिवंत घरी जातो.

कोणी म्हणेल, क्रमाचे ठीक आहे, पण उघड्या डोक्याने दुसऱ्याचे काय बिघडते? डोके माझे, फुटले तर माझेच. हे बोलणे आम्ही तरुणांच्या तोंडून पुष्कळदा ऐकतो. त्यांना आम्ही विचारतो, डोके तुझे, पण तुझ्यामागे रडणारी तुझी आई कोणाची? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ५०,०२९ जण दुचाकीवर हेल्मेटवाचून होते; त्यांतही १४,३३७ जण चालविणारे नव्हते, नुसते मागे बसलेले होते, आमच्यासारखे. या आकड्यांतल्या एकेकाच्या दारात दहाव्याचे प्रवचन झाले असेल. अशी प्रवचने आम्हीही केली आहेत, आणि पंचविशीतल्या पोराच्या बापासमोर देहाचे नश्वरत्व सांगताना तोंड कसे कोरडे पडते ते आम्हास ठाऊक आहे. देह नश्वर आहे हे खरे. पण नरदेह परमार्थाचे साधन म्हणून मिळाला हेही संतांनीच सांगितले. साधन निष्काळजीपणे फोडणे हा वैराग्याचा प्रकार नव्हे.

येथे फेट्याची गोष्टही उरकून घेऊ, कारण आमच्या मनाने तीही सबब काढली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात पगडी घातलेल्या शीख बांधवांस हेल्मेटातून सूट आहे. मग कीर्तनकाराच्या फेट्यास का नसावी? उत्तर सरळ आहे. केस व पगडी हे त्यांच्या धर्मदीक्षेचे अंग आहे. आपली दीक्षा तुळशीची माळ, एकादशी व पंढरीची वारी ही आहे. फेटा हा मानाचा पोशाख आहे. तो पिशवीत ठेवून नेता येतो आणि मंडपात शिरताना बांधता येतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट याच कलमाने लागते. २०१९ च्या दुरुस्तीने या चुकीला १,००० रुपये दंड व तीन महिने परवाना बंद अशी तरतूद कायद्यात आली. प्रत्यक्ष तडजोडीची रक्कम राज्ये आपापली ठरवितात.

दुसरा पूर्वपक्ष असा : मोठ्यांच्या गाड्या सुटतात, पुढाऱ्याच्या पोराला कोणी अडवीत नाही, काही ठिकाणी पावती न फाडता चिरीमिरीवर भागते. मग आम्हा गरिबांनीच काय म्हणून सरळ वागावे?

यातील तक्रार खोटी नाही. परंतु दुसऱ्याची चोरी ही माझ्या चोरीला प्रमाण होत नाही. शेजाऱ्याने एकादशी मोडली म्हणून आपण भात मागत नाही. आणि चिरीमिरी देणारा हा नुसता सोसणारा नसतो, तो त्या पापाचा अर्धा भागीदार असतो. पावतीवाचून दिलेला पैसा सरकारात जात नाही, आणि देणाराही अपराधातून सुटत नाही. एकाच्या जागी दोन अपराध होतात एवढेच.

पण येथे आम्हास दुसरेच दिसले. आम्ही इतकी वर्षे कीर्तनातून वशिल्यावर कोरडे ओढले. पुढाऱ्याचे नाव सांगून सुटणाऱ्यांची नक्कल केली आणि श्रोत्यांना हसविले. त्या दिवशी दुधवाल्याच्या डोळ्यांपुढे वशिल्याने सुटणारा मोठा माणूस कोण होता? आम्हीच होतो. आम्ही कोणाचे नाव सांगितले नाही, कारण आमचे नाव आमच्या कपाळावरच लिहिलेले होते. बुक्का हा देवाच्या चरणाचा म्हणून आपण लावतो. आम्ही त्याचा परवान्यासारखा उपयोग होऊ दिला. वशिला फोनवरच असतो असे नाही. तो गळ्यातही असू शकतो.

मनुस्मृतीत वर्णभेदाने दंडभेद सांगणारी वचने पुष्कळ आहेत, आणि वारकऱ्यास ती मान्य असण्याचे कारण नाही. परंतु तिच्याच आठव्या अध्यायात एक उलटा विचार आहे : ज्या अपराधास सामान्य माणसाला एक नाणे दंड, त्याच अपराधास राजाला हजार, आणि चोरीसारख्या गोष्टीत जाणत्याला अजाणत्यापेक्षा कितीतरी पट अधिक. कारण उघड आहे. जो अधिक जाणतो त्याची चूक अधिक मोठी. आजच्या कायद्यातही याची छाया आहे. २०१९ च्या दुरुस्तीने २१० ख हे कलम आले. ज्यांनी हा कायदा राबवावयाचा त्यांनीच तो मोडला तर त्यांना दंड दुप्पट. या न्यायाने पाहिले तर दुधवाल्याला एकपट आणि लोकांना नीती सांगणाऱ्या बुवाला दुप्पट दंड व्हावयास हवा होता. झाले उलटे.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत गोड, म्हणून सर्वांत धोक्याचा : हवालदारांनी दया केली. आपला मार्गच कृपेचा आहे. सहज आलेली दया नाकारणे हा अहंकार नव्हे काय?

यावर आम्ही फार घोळलो. अखेर दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की, दया आपल्या पदरचे देऊन करावयाची असते. दंड हवालदारांचा नव्हता, सरकारचा, म्हणजे सर्वांचा होता. जे आपले नाही ते माफ कसे करणार? दुसरी अशी की, दया म्हणावी तर ती दुधवाल्यावर आधी व्हावयास हवी होती; त्याला गरज अधिक. ज्याला द्यावयाचे तीन दिवसांचे दूध लागते त्याला दंड, आणि ज्याला सप्ताहात पाकीट मिळते त्याला सूट, ही दया नव्हे. ही भीड आहे. देवाच्या नावाने झाली म्हणून ती कृपा होत नाही.

दामाजीपंतांची कथा आपण सारे जाणतो. आपल्याच नगर जिल्ह्यातील ताहाराबादच्या महिपतींनी ती १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात सांगितली आहे. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दामाजींनी भुकेल्यांना लुटविली. बादशहाचे बोलावणे आले. भक्ताचा कैवार घेऊन देव विठू महार झाला आणि बेदरला गेला. तेथे जाऊन देवाने काय केले, हे नीट पाहा. देवाने बादशहाला डोळे वटारले नाहीत. दामाजी आमचा माळकरी आहे, सोडून द्या, असेही म्हटले नाही. देवाने धान्याची पुरी रक्कम भरली आणि पावती घेतली! ती पावती मग दामाजींना पोथीत सापडली. चौदा भुवनांचा धनी सरकारी देणे बुडवीत नाही, आणि आम्ही त्याचे नाव कपाळाला लावून एका हेल्मेटाचा दंड बुडवावा?

कोणी म्हणेल, दामाजींनी तर नियम मोडलाच होता. होय, पण दुसऱ्यांच्या पोटासाठी मोडला, आणि त्याचे फळ भोगावयास ते स्वतः बेदरची वाट चालू लागले. अन्यायाचा कायदा मोडणाऱ्या थोरांची हीच रीत दिसते. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस गांधीजींवर खटला चालला, तेव्हा त्यांनी आरोप कबूल करून न्यायाधीशांकडे मोठ्यात मोठी शिक्षा मागितली, आणि सहा वर्षांची शिक्षा शांतपणे घेतली. आपल्या सोयीसाठी नियम मोडून वर फळही चुकवणे, याला सत्याग्रहाचे किंवा भक्तीचे नाव देता येणार नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. लिखित भावाच्या आश्रमात गेला. भाऊ घरी नव्हता. झाडाची पिकली फळे तोडून खाऊ लागला. शंख आला, म्हणाला, न विचारता घेतलेस, ही चोरी झाली. राजाकडे जा आणि दंड मागून घे. सुद्युम्न राजा ऋषी आलेले पाहून पायी सामोरा गेला. अपराध ऐकून म्हणाला, दंड करण्याचा अधिकार जसा राजाला आहे तसा क्षमेचाही आहे; आपण शुद्धच आहात, जावे. लिखिताने ते ऐकले नाही, दंडच मागून घेतला. तो दंड हात तोडण्याचा होता. पुढे नदीत स्नान करताच हात पूर्ववत् आले, असे कथा सांगते. हात तोडणे कोणी आज योग्य म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. कथेचे मर्म शेवटी आहे. लिखित भावाला विचारतो, एवढे तुझे तपोबळ होते तर आधीच का शुद्ध केले नाहीस? शंख सांगतो, तुला दंड करण्याचा अधिकार माझा नव्हे; आता तूही शुद्ध झालास आणि राजाही. म्हणजे दंड न करणारा राजाही मलिन झाला असता. आमच्या भिडेने त्या भल्या हवालदारांनाही आम्ही खाली ओढले, हे आम्हास त्या रात्री कळले. ते आईच्या भक्तीने वाकले, आणि आम्ही त्या भक्तीचा मोबदला घेतला.

गौतमांच्या धर्मसूत्रात दंड हा शब्द दमनावरून आला असे सांगितले आहे. दुसऱ्याला दाबणे एवढाच दमनाचा अर्थ घेऊ नये. दम हा साधकाचा गुण आहे. जो स्वतःला आवरतो त्याला बाहेरचा दंड जड जात नाही. समाज आरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. तो दंड कोणाच्या पाठीत बसत नाही. तरी सारे थांबतात, कारण तो आपला मानलेला आहे.

आणि त्याच जागी आणखी एक शिकवण आहे. ज्या दिंडीवर काही अन्याय झाला असेल ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, आणि तेव्हा ते टाळ थांबतात. गाऱ्हाण्याला जागा आहे, वेळ आहे, रीत आहे. दंड मुकाट्याने सोसा, एवढेच आम्ही म्हणतो असे कोणी समजू नये. खोटा दंड सोसणे ही नम्रता नव्हे.

तेव्हा वारकऱ्याने व्यवहारात असे करावे. पोलिसांनी हात केला की गाडी बाजूला घ्यावी. पळू नये, कारण पळण्यात माणसे मरतात. कागद मागितले तर दाखवावेत; डिजिलॉकरमधील परवाना व वाहनाची कागदपत्रे मोबाइलवर दाखविली तरी कायद्याने चालतात. पावतीवरील गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ, अपराध वाचून घ्यावा. अपराध खरा असेल तर भरावा व पावती घ्यावी. पावतीवाचून एक रुपया देऊ नये. खोटा असेल तर रस्त्यावर हुज्जत न घालता रीतसर तक्रार करावी. तेथे न भागले तर न्यायालय आहे. लोकअदालतीतही अशी प्रकरणे मिटविली जातात. मोबाइलवर दंडाचा संदेश आला तर त्यातील अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नये. तसे बनावट संदेश पाठवून लोकांना लुबाडले जाते. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून खात्री करावी. आषाढीत पालखीच्या गाड्यांना अलीकडे टोलमाफीचा पास मिळतो. तो टोलाचा आहे, ट्रकमध्ये माणसे कोंबण्याचा नव्हे. आणि सप्ताहाच्या गडबडीत अठरा वर्षांखालील पोराच्या हाती गाडी देऊ नये. २०१९ पासून त्याबद्दल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैशाची गोष्ट सोडा, पोर मोलाचे आहे.

आता आमच्या दंडाचे काय झाले ते सांगून संपवितो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून आय.एस.आय. खुणेची दोन हेल्मेटे घेतली आणि त्याच जागी गेलो. हवालदार भेटले. आम्ही म्हणालो, “कालचा दंड राहिला आहे, तेवढा घ्या.” ते ओशाळले. मग म्हणाले, “महाराज, कालचं काल गेलं. आज दोघंबी हेल्मेट घालून आलात. आता कशाचं चलान फाडू?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. लिखिताला राजाने शेवटी दंड केला. आमचा राहूनच गेला. दुधवाल्याची चौकशी केली, पण रोज त्या वाटेने दूध नेणारे पुष्कळ. तो पुन्हा भेटला नाही. काल्याच्या कीर्तनात सारी हकीकत श्रोत्यांना सांगितली. मंडप शांत झाला. प्रसाद घेताना एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, “सांगितलंस ते बरं केलंस बाबा. पण त्या मृदंगवाल्या लेकराच्या डोक्याला टोपडं घेतलंस का?”

घेतले होते. तेवढेच काय ते आमच्या पदरी होते.

हा लेख त्या दुधवाल्याच्या घरी कोणी वाचून दाखविला, तर त्याला एवढे सांगावे की माळ हवी असेल तर बुवा आनंदाने देतील, स्वतःच्या हाताने घालतील. पण ती दंड चुकविण्याची नव्हे. आणि आमच्या वाट्याचा जो दंड राहिला तो आम्ही विसरलेलो नाही. पुढच्या खेपेला आमची चूक झाली, तर हात जोडण्याआधी आम्हीच म्हणू, आधी पावती फाडा, मग माउली म्हणा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.